प्रयोगशाळेतलं पाणी : कशापासून शुद्ध?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्टँडवर दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीत नळाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. डोळ्यांना दोन्ही सारखीच, निवळशंख. दोन्हींत विरल नायट्रिक आम्लाचे एक-दोन थेंब पडतात आणि मग ड्रॉपरमधून सिल्व्हर नायट्रेटचे. नळाच्या पाण्यात थेंब जिथे पडला तिथून पांढरट धुरासारखं काही खाली उतरू लागतं, आणि नळी हलवली की सगळं पाणी ताकाच्या निवळीसारखं दुधाळ होतं. शेजारची नळी होती तशीच राहते.

विज्ञान शाखेच्या वाटेने गेलेल्या जवळपास प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं आणि त्यातून एक समज मनात घट्ट बसतो, की पहिलं पाणी अशुद्ध आणि दुसरं शुद्ध. प्रयोगाने मात्र एवढं मोठं विधान केलेलंच नसतं. सिल्व्हर नायट्रेटने सांगितलं ते फक्त क्लोराइडबद्दल. त्या दुसऱ्या नळीत ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून उतरलेलं तांबं असेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल, मेलेल्या जिवाणूंचे अवशेष असतील. त्याबद्दल सिल्व्हर नायट्रेट अवाक्षर काढत नाही.

म्हणून ‘शुद्ध पाणी’ एवढं म्हणणं प्रयोगशाळेत पुरत नाही. कशापासून शुद्ध, हे विचारावं लागतं.

सोनाराकडे शुद्धतेची एकच पट्टी असते, कॅरटची. चोवीस सगळ्यात वर, मग बावीस, मग अठरा. तिथेसुद्धा रोजच्या वापराचे दागिने चोवीस कॅरटचे घडवत नाहीत, कारण ते सोनं मऊ पडतं. पाण्याला तर अशी एक पट्टीही लावता येत नाही. विरघळलेले क्षार, सेंद्रिय पदार्थ, जिवंत जिवाणू, त्यांची विषारी अवशेषद्रव्यं, वायू आणि बारीक कण या प्रत्येकाची मोजणी वेगळी, आणि प्रत्येकाला काढून टाकायची रीतही वेगळी. एका मोजणीत पहिलं आलेलं पाणी दुसरीत साफ नापास होऊ शकतं, आणि होतंही.

पाण्याचा स्वभावच तसा आहे. ते उत्तम द्रावक आहे, आणि जितकं स्वच्छ करावं तितकं भोवतालातून काही ना काही ओढून घेतं. हे पहिल्यांदा तराजूवर दाखवलं ते आंत्वान लाव्हाझिएने. अठराव्या शतकात पुष्कळ विद्वानांचा असा समज होता की पाणी दीर्घकाळ उकळलं की त्याची माती होते. भांड्याच्या तळाशी उरणारा साका हा त्यांचा पुरावा. लाव्हाझिएने ऑक्टोबर १७६८ मध्ये ‘पेलिकन’ नावाच्या काचपात्रात पाणी बंद केलं. या पात्रात वर गेलेली वाफ थंड होऊन पुन्हा तळात उतरते, बाहेर काहीच जात नाही. १०१ दिवस ते पाणी तापत राहिलं. शेवटी तळाशी खरोखरच साका जमला. पण लाव्हाझिएने रिकामं पात्र आधीच तोलून ठेवलं होतं. पुन्हा तोललं तेव्हा पात्राचं वजन घटलेलं निघालं. पाण्याची माती झालीच नव्हती. काच पाण्यात उतरली होती.

हा धडा जगाला पुन्हा गिरवावा लागला, तोही दोनशे वर्षांनी. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात निकोलाय फेद्याकिन आणि नंतर बोरिस देर्यागिन यांनी केसासारख्या बारीक क्वार्ट्झच्या नळ्यांत वाफ थंड करून एक दाटसर, विचित्र गुणांचं पाणी मिळवलं. १९६९ मध्ये अमेरिकेत एलिस लिपिनकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘पॉलिवॉटर’ असं नाव दिलं, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळा या नव्या पाण्यामागे लागल्या. १९७१ मध्ये डेनिस रूसो या संशोधकाने हँडबॉल खेळून आल्यावर टी-शर्ट पिळून घाम काढला आणि त्याचा अवरक्त वर्णपट घेतला. तो पॉलिवॉटरच्या वर्णपटाशी जवळजवळ जुळला. नव्या पाण्याचे ते अजब गुण मुळात अशुद्धीचे होते, नळीच्या भिंतीतून आणि माणसाच्या हाताकडून आलेले. १९७३ मध्ये देर्यागिन यांनीही ते मान्य केलं. या माणसांना कुणी हसू नये. नमुना इतका चिमुकला होता की त्यातली अशुद्धी शोधण्याइतकंही द्रव्य हाती येत नव्हतं, आणि चूक उघड करण्याचं कामही शेवटी प्रयोगानेच केलं.

पाण्यातल्या अशुद्धीला आकडा मिळाला तो विजेमुळे. १८९४ मध्ये फ्रीडरिश कोलराउश आणि आडोल्फ हायडवायलर या जर्मन शास्त्रज्ञांनी निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून पाणी इतकं स्वच्छ केलं, की त्यातून वाहणारी अगदी थोडी वीज ही जवळपास पाण्याच्या स्वतःच्या आयनांची उरली. पाण्याचे काही रेणू सतत फुटत असतात, त्यामुळे निखळ पाणीही किंचित वीज वाहून नेतंच. २५ अंश सेल्सिअसला ही वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. हाच आकडा रोधाच्या भाषेत उलटा मांडला की १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर होतो. कोणत्याही आधुनिक प्रयोगशाळेतल्या जलशुद्धी यंत्राच्या पडद्यावर हिरव्या-निळ्या अक्षरांत झळकणारा १८.२ तो हाच. त्याच्या पुढे जाणं निसर्गनियमानेच शक्य नाही. त्यामुळे तो दिसला की शुद्धता संपूर्ण झाली असं वाटतं. प्रत्यक्षात त्या आकड्याने बोलायचं ते फक्त आयनांबद्दल.

घरोघरी आरओच्या निमित्ताने पोचलेला पेनासारखा टीडीएस मीटर हा याच कुळातला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही तो खिशातून निघतो, पाण्यात बुडतो, ‘०००’ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. आयनविरहित पाण्याच्या पेल्यात चमचाभर साखर विरघळवून तोच मीटर पुन्हा बुडवून पाहावा. आकडा जेमतेम हलतो, कारण साखर आयन देत नाही. शिवाय या पेनाची पायरीच एक पीपीएमची, म्हणजे ढोबळमानाने दोन मायक्रोसीमेन्सची. प्रयोगशाळेच्या पाण्याचे वरचे दोन दर्जे त्या पायरीच्या खालीच सुरू होतात आणि संपतात. पिण्याच्या पाण्यासाठी केलेलं हे उपकरण तिथे आंधळंच.

दर्ज्यांची अधिकृत मांडणी आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३६९६ हे १९८७चं, आणि भारतात आयएस १०७०. आयएसओच्या मांडणीत तीन दर्जे येतात. तिसऱ्या दर्ज्याच्या पाण्याची वाहकता ५ मायक्रोसीमेन्सपर्यंत चालते, दुसऱ्याची १ पर्यंत आणि पहिल्याची ०.१ पर्यंत. पहिल्या दोन दर्ज्यांना सिलिकाची आणि अतिनील प्रकाशाच्या शोषणाची मर्यादाही आहे, म्हणजे सेंद्रिय अशुद्धीकडेही तिरक्या नजरेने पाहिलं आहे. अमेरिकी एएसटीएम मानक डी ११९३ मात्र चार ‘टाइप’ करतं, आणि त्यात नवख्याला बुचकळ्यात पाडणारी एक गोष्ट आहे. तिथल्या टाइप टूची वाहकता १ पर्यंत चालते, पण टाइप थ्रीची फक्त ०.२५ पर्यंत. आयनांच्या हिशेबात तिसरा दुसऱ्यापेक्षा वरचढ! खुलासा सेंद्रिय कार्बनच्या रकान्यात मिळतो. टाइप टू हे ऊर्ध्वपातनाचं पाणी, त्यात सेंद्रिय कार्बन लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतो. टाइप थ्रीत २०० पर्यंत. म्हणजे एक, दोन, तीन हे आकडे शाळेतल्या पहिल्या-दुसऱ्या नंबरासारखे वाचायचेच नसतात.

खरेदीच्या कागदावर नुसतं ‘टाइप वन’ किंवा ‘ग्रेड वन’ लिहून मोकळं होणं म्हणूनच धोक्याचं. एएसटीएमचा टाइप वन १८ मेगाओहमचा, आयएसओचा पहिला दर्जा १० मेगाओहमवर समाधानी. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी सीएलएसआय या मानकसंस्थेने केलेल्या व्याख्येत १० मेगाओहमबरोबर जिवाणूंची संख्या मिलिलिटरला दहाच्या आत ठेवायची अट येते, जी आयएसओ ३६९६ मध्ये नाहीच. मानकाचा क्रमांक लिहिला नाही तर विकणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. आणि गॅरेजमधून पाच लिटरच्या कॅनमध्ये येणारं ‘बॅटरीचं पाणी’ हे तर आयएस १०६९ या वेगळ्याच मानकाचं, बॅटरीसाठीचं. ते वाईट नव्हे. त्याची परीक्षा दुसऱ्या शाळेत झालेली आहे, इतकंच.

सगळ्यात नेमकं उदाहरण माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सापडतं. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन जमिनी खारवल्या आहेत. तिथला शेतकरी पिशवीत माती घेऊन येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘क्षार किती?’ माती पाण्यात ढवळून त्या मिश्रणाची वाहकता मोजतात, आणि ती डेसिसीमेन्स प्रति मीटर या एककात सांगतात. एक डेसिसीमेन्स म्हणजे हजार मायक्रोसीमेन्स. तिसऱ्या दर्ज्याचं, पाच मायक्रोसीमेन्सचं पाणी वापरलं तर त्याचा वाटा ०.००५ डेसिसीमेन्स, अहवालात जिथे दोन दशांश स्थळं छापतात तिथे तो दिसतही नाही. या कामाला १८.२ मेगाओहमचं पाणी वापरल्याने निकालात तसूभर फरक पडत नाही.

आता तीच माती, तीच प्रयोगशाळा, शेजारचं टेबल. इथे जस्त मोजायचं आहे. त्याची प्रचलित रीत मातीतलं जस्त ओढून काढणाऱ्या डीटीपीए द्रावणाची: १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणं, गाळणं आणि मग अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर मोजणं. किलोला ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी जस्त निघालं तर जमीन जस्ताला कमी मानतात. समजा, एका शेतात खरं जस्त ०.५ आहे. आणि समजा, द्रावण बनवायला वापरलेलं पाणी जस्तलेपित लोखंडी पाइपातून किंवा रबरी नळीतून आलं आणि त्याने लिटरला केवळ ०.१ मिलिग्रॅम जस्त बरोबर आणलं. रबरात झिंक ऑक्साइड असतो, त्यामुळे असं होऊ शकतं. मातीच्या दुप्पट द्रावण असल्याने निकालात ०.२ ची भर पडते. ०.५ चे ०.७ होतात. अहवालावर ‘पुरेसे’ असा शब्द येतो, शेतकरी झिंक सल्फेट टाकत नाही, आणि हंगामभर पिवळी पडलेली पानं पाहत बसतो. या ०.१ मिलिग्रॅमची चाहूल टीडीएसच्या पेनाला लागत नाही. दर तुकडीबरोबर मातीशिवायची कोरी चाचणी केली, तर आणि तरच हा दोष हाती लागतो.

एकाच छताखाली, एकाच पिशवीतल्या मातीला दोन वेगळी पाणी लागतात. पाण्याच्या निवडीचं मर्म इथेच आहे.

बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, या चाचणीत तर गोष्ट याहूनही उलटी होते. साखर कारखाना, डेअरी किंवा नगरपालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातलं सांडपाणी पातळ करून बाटलीत बंद करतात, अंधारात ठरावीक तापमानाला ठेवतात आणि जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजतात. अमेरिकी पद्धत २० अंशांना पाच दिवस ठेवण्याची. भारतात आपल्या हवामानाला धरून २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. इथे मोजणीचं उपकरण म्हणजे जिवंत जिवाणू. पातळ करायचं पाणी तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या ऊर्ध्वपातन यंत्रातलं असेल, तर त्यात उतरलेलं थोडंसं तांबंही जिवाणूंना मारतं. मेलेले जिवाणू प्राणवायू खात नाहीत. बीओडीचा आकडा कमी येतो, ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारं सांडपाणी कागदावर पास होतं आणि नदीत सोडलं जातं.

मग तांबं नको म्हणून कुणी रेझिनच्या खांबातून काढलेलं डीआयोनाइज्ड पाणी घेतं. त्यात धातू नाहीत, मीटर समाधानी आहे. पण जुन्या रेझिनमधून सेंद्रिय द्रव्य झिरपतं आणि त्या खांबात जिवाणूंनी घर केलेलं असतं. हे पाहुणे बाटलीत बसून स्वतःच प्राणवायू खातात, आणि आकडा फुगतो. म्हणून अमेरिकी प्रमाण पद्धतीत पाण्याची वाहकता विचारण्याऐवजी सरळ त्याच्या वर्तनाची परीक्षा घेतात. नमुना न घालता नुसतं पातळ करायचं पाणी पाच दिवस बाटलीत ठेवायचं, आणि त्याने लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू खाल्ला तर ते नापास. सगळ्या मानकांमध्ये ही कसोटी सर्वात शहाणी म्हटली पाहिजे, कारण ती पाण्याला थेट त्याच्या कामाबद्दल विचारते.

ऊर्ध्वपातित पाण्यावरचा आंधळा विश्वास मोडला तो मात्र वैद्यकात, आणि तो मोडणारी संशोधक होती फ्लॉरेन्स सायबर्ट. शिरेतून इंजेक्शन दिलं की काही रुग्णांना थंडी वाजून ताप भरे. औषध निर्दोष, सुई उकळलेली, पाणी डिस्टिल्ड, तरी ताप. येल विद्यापीठात पीएच.डी. करताना सायबर्टने हा प्रश्न उचलला आणि १९२३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. ताप आणणारं द्रव्य पाण्यातच होतं, आणि ते जिवाणूंचं होतं. पाणी उकळताना वाफेबरोबर बारीक तुषारही उडतात, ते थेट थंड नळीत पोचतात आणि पलीकडच्या ‘शुद्ध’ पाण्यात जिवाणूंची द्रव्यं नेऊन टाकतात. जिवाणू उष्णतेने मरतात, पण त्यांच्या बाह्य आवरणातलं हे द्रव्य उकळल्याने नष्ट होत नाही. सायबर्टने वाफेच्या वाटेत तुषार अडवणारा सापळा बसवला आणि ताप थांबला. पुढे याच बाईंनी क्षयाच्या त्वचाचाचणीसाठी ट्युबरक्युलिन शुद्ध करून दिलं. आपल्याकडे दवाखान्यात हातावर टोचतात त्या ‘मॉन्टू टेस्ट’मधलं पीपीडी हे त्यांच्या कामातून आलेलं आहे.

आज या द्रव्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात त्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एकक. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हलाही ते पुरून उरतं. काचेवरून घालवायचं तर २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत अर्धा तास ठेवावं लागतं. पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत पाणी निवडताना म्हणून पहिला प्रश्न एंडोटॉक्सिनचा असतो, मेगाओहमचा त्यानंतर.

बाकीच्या कामांकडे धावती नजर टाकली तरी हेच दिसतं. एचपीएलसीमध्ये, म्हणजे द्रावणातले घटक स्तंभातून वेगळे करण्याच्या तंत्रात, पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं स्तंभाच्या तोंडाशी साचत जातात आणि द्रावकाचं प्रमाण बदललं की एकदम सुटून आलेखावर भलतीच शिखरं उमटवतात. विश्लेषक त्यांना भुताची शिखरं म्हणतात. आयसीपी-एमएस या उपकरणावर मूलद्रव्यांचे अब्जांश मोजणाऱ्याला बोरॉनची भीती, कारण रेझिन थकायला लागलं की बोरॉन आणि सिलिका सगळ्यात आधी निसटतात, आणि तेव्हा पडद्यावर १८.२ तसाच असतो. त्याचं पाणी काचेच्या भांड्यातही ठेवून चालत नाही, बोरोसिलिकेट काचेत बोरॉनच भरलेलं. आरएनएवर काम करणाऱ्याचा शत्रू बोटाच्या टोकावर असतो: आरएनेज नावाचं एन्झाइम, तेही ऑटोक्लेव्हला दाद न देणारं. २०२० मध्ये कोविडच्या आरटी-पीसीआर चाचण्या गावोगाव सुरू झाल्या, तेव्हा ‘न्यूक्लिएजमुक्त पाणी’, म्हणजे असल्या एन्झाइमांपासून मुक्त पाणी, हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. आणि अल्कलाइन फॉस्फटेजवर चालणाऱ्या एलायझा चाचणीत पाण्यातल्या जिवाणूंचं स्वतःचं अल्कलाइन फॉस्फटेज रंग देऊन जातं.

शुद्ध पाण्याचं आयुष्य किती? फार थोडं. यंत्राच्या तोंडातून बीकरमध्ये १८.२चं पाणी घ्यावं, त्यात वाहकता मीटरचा इलेक्ट्रोड सोडावा आणि नुसतं पाहत बसावं. आकडा लगेच चढू लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, आयन वाढतात. बीकर तसाच उघडा राहिला तर काही तासांत वाहकता एक मायक्रोसीमेन्सच्या आसपास पोचते आणि पीएच सातावरून ५.६-५.७ पर्यंत उतरतो. ‘डिस्टिल्ड वॉटरचा पीएच सहाच्या खाली आला, यंत्र बिघडलं’ ही तक्रार प्रयोगशाळांत नेहमीची. यंत्र ठीक असतं, पाणी हवेला भेटलेलं असतं. आयएसओने वरच्या दोन दर्ज्यांना पीएचची मर्यादाच घातलेली नाही, कारण इतक्या शुद्ध पाण्याचा पीएच नीट मोजणंच कठीण, आणि आलेल्या आकड्याला अर्थही फारसा नसतो. सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाण द्रावण करायचं असेल तर जुनी साधी रीत उपयोगी पडते: पाणी काही मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून थंड करायचं आणि लगेच वापरायचं.

पहिल्या दर्ज्याचं पाणी साठवायचंच नसतं, लागेल तेव्हा लागेल तेवढं काढायचं. खालच्या दर्ज्याचं पाणी कार्बॉयमध्ये साठवतात, आणि खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कार्बॉयच्या तळाशी हिरवट झाक दिसू लागते. शुद्ध पाण्यात खायला काही नाही म्हणून जिवाणू मरतील, ही समजूत खोटी आहे. राल्स्टोनिया, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू अतिशुद्ध पाण्याच्या नळ्यांतही चिकटा धरून जगतात. सुट्टीनंतर यंत्र सुरू केल्यावर पहिलं लिटर-दोन लिटर पाणी सोडून द्यायचं, कार्बॉय अंधाऱ्या जागी ठेवायचा, आणि यंत्राच्या तोंडाला लावलेल्या रबरी नळीचं टोक बेसिनमध्ये लोळू द्यायचं नाही. ही नळी तर बहुतेक ठिकाणी आढळते, आणि लाखो रुपयांच्या यंत्राची सगळी मेहनत शेवटच्या त्या हातभर तुकड्यात वाया जाते.

मग सगळ्याच कामाला सर्वात वरचं पाणी का वापरू नये, असं सधन प्रयोगशाळा विचारतात. याचं उत्तर पाण्यातच मोजता येतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळून त्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. ती वाफ थंड करणारं नळाचं पाणी ४० अंशांनी तापू दिलं, तर ते साडेतेरा लिटर लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते सरळ गटारात जातं. आरओतही एका लिटरमागे बरंच पाणी नाकारलं जातं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी न्यावं लागलं. त्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयात चंचुपात्र धुवायला १८.२ मेगाओहमचं पाणी वापरणं हा अपव्यय आहे. कंडेन्सरमधून निघणारं पाणी नुसतं तापलेलं नळाचं पाणी असतं; ते टाकीत साठवून काचसामान पहिल्यांदा धुवायला सहज चालतं.

धुण्यातही हिशेब आहे. फ्लास्कच्या भिंतींना एक मिलिलिटर जुनं द्रावण चिकटून राहतं असं धरलं, तर वॉश बॉटलमधलं ३० मिलिलिटर पाणी एकदम ओतून खळबळल्यावर त्याचा एकतिसावा भाग मागे उरतो. तेच ३० मिलिलिटर दहा-दहाच्या तीन खेपांत वापरलं, तर मागे उरतो १३३१वा भाग. प्रयोगशाळेतले जुने परिचर हे गणित न मांडता हाताने करत असतात.

कुठल्या कामाला कुठलं पाणी, याचा निर्णय एका दुपारच्या प्रयोगात लागतो. मातीच्या त्या प्रयोगशाळेत दोन शंकुपात्रं घ्यायची. एकात कार्बॉयमधल्या पाण्याने केलेलं डीटीपीए द्रावण, दुसऱ्यात वरच्या दर्ज्याच्या पाण्याने केलेलं. माती कशातच नाही. दोन्ही दोन तास हलवायची, गाळायची आणि जस्त मोजायचं. दोन्ही वाचनं शून्याला चिकटून आली तर कार्बॉयचं पाणी पुरे. पहिलं वर सरकलं तर आधी पाइप आणि रबरी नळी बदलून पाहायची, तरी भागलं नाही तर पाणी बदलायचं. मग वहीत त्या दिवसाच्या तुकडीसमोर पाण्याचा दर्जा, त्याची वाहकता आणि ते काढल्याची वेळ लिहिली जाते, आणि शेतकऱ्याच्या पिशवीची गाठ सुटते.